वरची मूठ

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की तिच्या गादीत मापापेक्षा एक मूठ रुई जास्त घालतात. पिंजारी गादी भरून तोंड शिवायला घेतो, तेव्हा आई त्याला थांबवते आणि आपल्या हाताने शेवटची मूठ आत लोटते. तिला वरची मूठ म्हणतात. का घालतात ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. माझ्याही गादीत मायनं घातली होती. त्या गादीवर मी वर्षभरही झोपले नाही. सासर सोडून वलगावला परत आले आणि गादी तिकडेच राहिली. नवऱ्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, गादीचं वाटलं.

परत आलेल्या मुलीनं गावात राहायचं म्हणजे रोज कोणाच्या तरी तोंडाला तोंड द्यायचं. मी तोंडाची तिखट, त्यामुळे भांडणं वाढायला लागली. शेवटी मावशी मला अकोल्याला घेऊन गेली. तिथे कापूस बाजाराच्या मागे एका शेठचं पत्र्याचं शेड होतं. आम्ही बाया दिवसभर तिथे मशीनवर बसायचो. दवाखान्याच्या चादरी, शाळांचे गणवेश, सरकारी कचेऱ्यांचे पडदे, असलं काम. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की कापडाला हात लावला तरी चटका बसायचा. आमच्यावर देखरेखीला एक काकू होत्या, वयानं मोठ्या, तोंडानं माझ्याहून तिखट. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

माझा मोठा भाऊ पलटणीत होता. आम्ही दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी तो भरती झाला. बाबा आधीच गेले होते, माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, आणि घरात पहिल्यांदा कोणाच्या तरी अंगावर वर्दी आली. मायनं त्याचा वर्दीतला फोटो बुद्धाच्या फोटोशेजारी लावला. मग तिला बरोबर वाटेना, म्हणून वीतभर खाली घेतला. गावात ज्यांनी आम्हाला कधी ओसरीवर बसा म्हटलं नव्हतं, ते दादा सुट्टीवर आला की रस्त्यात थांबून चौकशी करायचे. मायला त्याचं फार अप्रूप होतं. मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

बासष्टच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा मीही वलगावला गेले. पलटण आता वर पहाडात, चीनच्या हद्दीकडे जाणार आहे असं त्यानं सांगितलं. मायनं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो अमरावतीच्या जत्रेत, गोळ्यासाठी किसलेला.

"काहून रे बापा, तिथं ऊन पडत नाई का?" तिनं विचारलं.

"पडते ना माय, पण आंगाले लागत नाई."

"मंग मी तुले रुईची बंडी शिवून देतो. चांगली जाड."

"वर्दीच्या आत चालत नाई तसं काई. तपासणीत काढून घेतात. सरकारचे कोट येऊन राहिले आमाले, साहेबानं सांगितलं."

"कधी येतात?"

"येऊन राहिले," दादा म्हणाला आणि हसला. दाराशी त्याचे बूट ठेवले होते, कॅनव्हासचे, खाली रबर. मी ते उचलून पाहिले. आमच्याकडे शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसे ते होते. मी त्याला म्हटलं, "हे घालून तू बर्फावर जाशीन?" तो म्हणाला, "बाई, बूटही येऊन राहिले."

मी अकोल्याला परतले आणि पावसाळा लागता लागता शेडमध्ये बातमी आली की शेठला सैन्याच्या कोटांचं काम मिळालं. आत रुई भरून वरून टाके घातलेले, थंडीचे कोट. पहिल्यांदा माझा विश्वासच बसला नाही. दादाला जे येऊन राहिलं होतं ते माझ्याच हातून जाणार होतं! त्या संध्याकाळी मी मावशीच्या घरी सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं. मायला निरोप धाडला, की काळजी करू नको, कोट आता आपल्या घरातच आहे असं समज.

शेठच्या कपाटात नमुन्याचा कोट आला. त्याच्या कॉलरला दोरी, दोरीला लाखेचा शिक्का. शेठ सकाळी कपाट उघडायचे, कोट बाहेर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचे आणि आम्ही तो लांबून पाहायचा. हात लावायचा नाही. शिक्का तुटला तर सगळं काम जाईल म्हणे. नवी सून दाखवावी तसा तो कोट दाखवायचे. आणि आमच्यातल्या एकीलाही तो आवडला नाही, कारण तो पातळ होता.

रुई होती, ढीगभर होती. मशीन होत्या, बाया होत्या. नव्हतं ते कापड. कापड वरून मंजूर गिरणीतूनच यायचं होतं. ते पोळा होऊन गेल्यावर आलं. आलं ते तपासून शिक्का मारायला एक माणूस येणार होता, तो त्यानंतर आला. एकदाचं शिवायला बसलो तर बटणं नाहीत. शेठ म्हणाले, बटणं बाजारातून आणतो, अगदी तशीच मिळतात. पण बटणंही शिक्क्याचीच हवी होती. तशी परवानगी मागायला त्यांनी कागद पाठवला. त्याचं उत्तर आलं, की ही परवानगी आमच्याकडे मिळत नाही, अमुक ठिकाणी विचारा. अमुक ठिकाणी विचारलं तर त्यांनी पुन्हा पहिल्या ठिकाणाचं नाव सांगितलं. शेठ काही फार चांगला माणूस नव्हता, पण त्या दिवसांत त्याच्याकडे पाहून मला कीव यायची. रोज टपालवाल्याची वाट पाहत दारात उभा.

तर बटणं नसली तरी बाकी शिवण चालू होती. शेडमधले पिंजारी, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो, रुई पिंजून, तोलून, एकेका कोटाची वेगळी बांधून द्यायचे. पहिल्या दिवशी काकूंनी एका कोटाची रुई हातात घेतली, दाबून पाहिली.

"एवढ्याशा रुईत तं मांजरही गरम होत नाई. पोट्टे बर्फात उभे हायेत आन् आपून तोळ्यानं रुई मोजून राहिलो!"

चाचा म्हणाले, "शेठनं तोलून द्यायले सांगितलं, बहेन. मैं क्या करूँ?"

"तुमी तोलूनच द्या. वरची मूठ काई तोलायची असते?"

आणि काकूंनी ढिगातून एक मूठ उचलली आणि कोटाच्या पाठीत घातली. झालं. एकीनं केलं, दुसरीनं केलं, मग सगळ्यांनी केलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी लपवलंही नाही. चाचांनी पाहिलं आणि उलट दुसऱ्या दिवसापासून ढीग आमच्या जवळ सरकवून ठेवायला लागले. शेठनं पाहिलं असेल तरी रुई त्यांच्याच जिनातली, सरकी काढायच्या कारखान्यातली होती, आणि त्यांनाही मुली होत्या. मधल्या मापाचा कोट हाती आला की मी मनात म्हणायची, हा दादाच्या अंगाचा. ती मूठ मी जरा मोठीच घ्यायची. सांगायला काही वाटत नाही. आम्ही कापसाच्या मुलखातल्या बाया, मापानं दिलेली रुई आम्हाला चिंधीपणा वाटतो.

दिवाळीच्या आधी लढाई लागली. शेडसमोर चहाचं हॉटेल होतं, तिथे रेडिओ होता. शेठनं मशीन बंद करू दिल्या आणि आम्ही सगळ्या रस्ता ओलांडून बातम्या ऐकायला उभ्या राहिलो. ठाण्यांची नावं कधी ऐकलेली नव्हती, त्यातलं दादाचं कोणतं तेही माहीत नव्हतं. त्याचा पत्ता म्हणजे नुसता आकडा. एवढं कळलं की आपले मागे येत आहेत. परत आलो तर भिंतीला लागून कोटांच्या चळती, छतापर्यंत, आणि एकालाही बटण नाही.

मी शेठपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "शेठजी, बटण नसलं तं नसू द्या. दोरी बांधतीन ते. पाठवून द्या ना."

"बिना बटणाचा कोट म्हणजे कोट नाही, बाई. घेणारच नाहीत."

"मंग मले एक द्या. मी टपालानं माह्या भावाले पाठवतो."

"हे सरकारी कापड आहे. एक कमी पडला तर मी जेलमध्ये जाईन." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मला त्यांना खूप बोलायचं होतं. पण त्या माणसाच्या हातात माझ्यापेक्षा जास्त काहीच नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि ज्याच्या हातात होतं तो कुठे बसतो ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर बटणं आली. आम्ही जेवणसुद्धा मशीनवर केलं, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात सुई. बटणं लागली आणि आता तपासणीचा साहेब यायचा राहिला. तो येईपर्यंत आम्ही पुन्हा हॉटेलसमोर उभ्या.

साहेब आला तो लांबचा होता, हिंदी बोलायचा, सभ्य होता. त्याच्याबरोबर एक तराजू आला होता. तराजू पाहिला तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबानं चळतीतून एक कोट घेतला, तोलला. दुसरा तोलला. मग वरचे, खालचे, मधले, कुठले कुठले काढून तोलले. प्रत्येक वेळी पारडं खाली. नमुन्याचा कोट कपाटातून आला, शिक्क्यासकट. तो समोरच्या पारड्यात टाकला तर डोक्यावरचं कापसाचं ओझं उतरवलेल्या बाईसारखा तो वर हलका बसून राहिला आणि आमचा कोट खाली टेकला.

"वजन जास्त आहे," साहेब म्हणाला. "नमुन्याप्रमाणे नाही."

काकू पुढे झाल्या. "साहेब, जास्तच हाये ना? कमी तं नाई? आमी चोरी केली काय?"

साहेबानं कोट हातात घेतला, आत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाला, "बाई, कोट चांगला आहे. मला दिला तर मी घालीन. पण मी शिक्का मारला तर पुढे दुसरा साहेब तोलेल आणि परत पाठवेल, आणि मला विचारेल."

मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ तिकडे आहे." मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "माझाही पुतण्या आहे." मग शेठला त्यानं समजावलं. जास्त वजनाचा कोट चालवून घ्या असा अर्ज करता येतो. तो वर जाईल, तिथून आणखी वर जाईल. त्यापेक्षा टाके उसवून जास्तीची रुई काढणं लवकर होईल. त्यानं हे आमच्या भल्यासाठीच सांगितलं. आजही मला त्या माणसावर राग धरता येत नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग येतो. एक तरी दुष्ट माणूस मिळाला असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

आम्ही कोट उसवले. शिवलेलं उसवणं कसं असतं ते शिवणारीलाच कळतं. जिच्या हातचा कोट तिनंच उसवायचा असं ठरलं. पाठ उघडायची, आत हात घालायचा आणि मूठ काढायची. रुई टाक्यांनी धरून ठेवलेली असायची, सुटता सुटायची नाही. काकू रडत नसत, पण त्या दिवसांत त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, त्यावरून समजावं. बाहेर हॉटेलच्या रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं तेव्हा आम्ही रस्ता ओलांडून गेलोसुद्धा नाही. आतूनच ऐकलं.

एवढं करून पुन्हा शिवलं, साहेब पुन्हा आला. वजन आता नमुन्याबरोबर उतरलं. पण उसवलेल्या टाक्यांची भोकं कापडावर दिसत होती, आणि नमुन्यावर तशी भोकं नव्हती. पाठीचं कापड बदलावं लागणार होतं. कापड गिरणीतून यायचं होतं. तपासणारा माणूस यायचा होता.

शेठ मटकन खुर्चीत बसले आणि नमुन्याच्या कोटाकडे पाहत राहिले.

सगळा हिवाळा दादाचं पत्र नव्हतं. माय वलगावहून अमरावतीला चालत जायची, तिथल्या कचेरीत विचारायची, आणि तिथले लोक तिला सांगायचे की कळवतील. तिनं कापूस वेचायचं सोडलं नाही. मला कोणाच्या तरी हातून निरोप आला, की मायनं कोट पोचले का विचारलं आहे. मी उत्तर पाठवलं, येऊन राहिले.

संक्रांत होऊन गेल्यावर कुठल्याशा सैनिकी दवाखान्यातून कार्ड आलं. जिवंत होता. मायनं ते कार्ड बुद्धाच्या फोटोपुढे ठेवलं आणि दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही.

कोट शेवटी वैशाखात गेले. अकोल्याचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू. हमाल उघड्या अंगानं, डोक्यावर ओला रुमाल टाकून, थंडीचे कोट मालगाडीत भरत होते. ते कुठे गेले, कोणाच्या अंगावर चढले, आम्हाला कधी कळलं नाही. नंतर शेठला एक कागद आला तेवढा, उशीर का झाला त्याचा खुलासा करा म्हणून. काढलेली रुई शेठनं बायांना वाटून टाकली. मी माझ्या वाट्याची एका पिशवीत भरून वलगावला आणली, मायनं तिची उशी केली.

दादा त्यानंतर आला. पलटणीनं त्याला सोडलं होतं. बडनेऱ्याच्या स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेले होते. तो उतरला तेव्हा पहिल्यांदा तर काहीच वेगळं दिसेना. मग चालायला लागला. उजव्या पायाची बोटं काढली होती, पाचही. बर्फानं काळी पडली म्हणून. पायात आता चामड्याचे बूट होते, नवेकोरे, जाड, लोकर लावलेले. ते त्याला दवाखान्यात मिळाले होते.

संध्याकाळी अंगणात बाजेवर बसलो. माय भाकरी थापत होती. त्यानं सांगितलं ते थोडंच. बूट ओले व्हायचे आणि पायावरच गोठायचे, कोट आले नव्हते, दोघादोघांत एक कांबळं होतं. "रोज सांगत, निघाले म्हनून. आमी खाली रस्त्याकडे पाहत राहू. एक जन तं म्हने, अकोल्याहून येतात, लांब हाये बापा, टाइम लागन."

"तुले मालूम होतं अकोल्याहून येतात ते?"

"नाई वं. मीच सांगितलं होतं त्याईले. तू शेडमधी हायेस म्हनून थट्टा करत होतो."

मग मी त्याला सगळं सांगितलं. कापड, बटणं, तराजू. शेवटी वरची मूठ. तो ऐकत होता. म्हणाला, "मूठभर जास्त झाली म्हनून?"

"हो."

"आन् ती तुमी काढली? परत?"

"हो."

तो हसायला लागला. हसता हसता बाजेवर आडवा झाला, पाणी आलं डोळ्यांतून. मायनं हात थांबवून वळून पाहिलं. मला वाटलं तो मला काही बोलेल, किंवा सरकारला, किंवा त्या साहेबाला. तो एवढंच म्हणाला, "आमाले जड झाला नसता, बाई."

दुसऱ्या दिवशी त्याला जिनात राखणदाराच्या जागेसाठी भेटायला जायचं होतं. बूट घातले, पण उजवा पायात थांबेना. बोटांच्या जागी बूट पोकळ, प्रत्येक पावलाला टाच निघून यायची. दोनतीनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन तो परत आला आणि खाली बसला. मायनं आतून उशी आणली, तिची एक बाजू दातानं उसवली आणि ती माझ्यापुढे धरली.

मी हात घातला, मूठ काढली आणि बुटाच्या टोकाला दाबून भरली. त्यानं पाय घालून पाहिला.

"आनखी थोडी लागते," तो म्हणाला.